दुसऱ्याच्या नावाचा बँड

माझ्या आयुष्यात मी एकच धंदा स्वतःच्या हिमतीवर उभा केला, आणि तो चालला दुसऱ्याच्या नावावर. ‘चालला’ हेही जरा जास्तच झालं. पाच लग्नं, एक सत्यनारायण आणि एका पिठाच्या गिरणीचं उद्घाटन, एवढीच त्याची चाल. त्या पाच लग्नांपैकी एक मुरबे गावचं होतं. बाकीच्या चारांबद्दल मी बोलत नाही, आणि त्या चार घरांतली माणसंही बोलत नसावीत अशी माझी प्रार्थना आहे.

तारापूरला वीजघराचं काम सुरू झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. बोईसरला परमुलखातली माणसं उतरत होती आणि त्यांच्यामागून परमुलखातला मालही. पालघरच्या बाजारात प्रत्येक नामवंत वस्तूला एकेक जुळा भाऊ निघाला होता. नामवंत साबणाच्या शेजारी त्याच हिरव्या कागदातला दुसरा साबण; फक्त कागदावरची बाई जरा सुकलेली. नामवंत चहाच्या पुड्यावर हरणांची जोडी असे, तर शेजारच्या पुड्यावर बोकडांची, पण शिंगं मात्र हरणांची. गिऱ्हाईक वाचत बसत नसे. डोंगरातून येणारी माणसं काय, बंदरावरची माणसं काय, रंग आणि चित्र बघून माल घ्यायची आणि घरी गेल्यावर चहाला वास नाही म्हणून दुधाला दोष द्यायची. हे सगळं मी बाजारात उभा राहून बघत होतो, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळत होता.

आमच्या भागात तेव्हा लग्नाचा बँड म्हणजे एकच. लाल कोट, त्यावर पांढरी गोंड्याची पट्टी, काळी टोपी. त्याचे मास्तर अंगाने एवढेसे, पण क्लॅरनेट तोंडाला लावली की जेवणावळीतला माणूस घास हातात धरून बसायचा. मी त्या बँडमध्ये एक हंगाम ट्रम्पेट वाजवत होतो. माझी छाती मोठी होती, आवाज मोठा होता. सूर सोडला तर सगळंच मोठं होतं.

मला तिथून काढलं ते एका माशीमुळे. मंगलाष्टकांत दर कडव्याला भटजी ‘सावधान’ म्हणतात, पण बँडने सुटायचं ते शेवटच्या ‘सावधान’नंतर, भटजींनी हात वर केला की. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण तिसऱ्या कडव्यालाच भटजींनी नाकावरची माशी हाकलायला हात वर केला. मी जीव खाऊन फुंकलं. ढोलवाल्यांना वाटलं, इशारा झाला, तेही सुटले. मांडवातल्या झाडून सगळ्यांनी मुठीतल्या अक्षता एकदम टाकल्या, अंतरपाट धरणाऱ्यांनी अंतरपाट सोडला, नवरीने हार घालून टाकला, आणि त्या गदारोळात भटजी ओरडत होते, “अहो, अजून दोन अष्टकं आहेत! लग्न लागलेलं नाही!” मग ती दोन अष्टकं हार घातलेल्या जोडप्यासमोर म्हटली गेली. हातात अक्षता उरल्या नव्हत्या, तेव्हा लोकांनी सतरंजीवरच्या वेचून पुन्हा टाकल्या.

मास्तर मला रागावले नाहीत. माझा ट्रम्पेट माझ्याच पिशवीत घालत म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.” बस्स, तेवढंच. रागावले असते तर मी कदाचित सुधारलो असतो. न रागावल्यामुळे मी आठ दिवसांत स्वतःचा बँड काढला.

भांडवल म्हणजे एक ट्रम्पेट आणि दोन मित्र. एक आमच्या गावचा शिंपी. तो साइड ढोल वाजवायचा, आणि शिवणयंत्रावर बसल्यासारखा पाय हलवतच वाजवायचा. दुसरा बिहारकडचा, तारापूरच्या कामावर काँक्रीट ओतायचा आणि सालवडला खोली करून राहायचा. तो बडा ढोल असा बडवायचा की ढोलाची दया यावी. आणखी चौघे जमवले, ते वाजवणारे कमी आणि नुसते चालणारे जास्त.

नाव काय ठेवायचं यावर आम्ही वेळ घालवला नाही. मूळ बँडचं नाव जसंच्या तसं घेतलं आणि पुढे ‘न्यू’ लावलं. पेंटरला सांगितलं, ‘न्यू’ जरा बारीक काढ. त्याने तो इतका बारीक काढला की मलाच शिडीवर चढून खात्री करून घ्यावी लागली.

पण खरी मेख पाटीत नव्हती, कोटात होती. लग्नाला बँड ठरवायला येणारी निम्मी माणसं वाचत नसत. म्हणून मास्तर आपल्या दाराला खिळ्यावर एक लाल कोट टांगून ठेवत. तीच त्यांची पाटी. आम्ही गाळा घेतला तो त्यांच्या पंधरा पावलं अलीकडे, एस.टी.च्या बाजूने येणाऱ्याला आधी आमचा कोट दिसावा असा. शिंप्याने पांढरं जाड कापड आणून आपल्याच अंगणात हंड्यात रंगवलं होतं. लाली अगदी तीच उतरली. एवढंच की, घाम आला की ती मानेवर उतरायची. कुणी विचारलं तर आम्ही कुंकू म्हणून सांगत असू.

माघ महिन्यात एका सकाळी मुरब्याचा एक तांडेल आमच्या दारात उभा राहिला. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. समुद्रात त्याचा शब्द शेवटचा. हा माणूस दारात उभा राहिला तर गाळ्यात अंधार पडला.

“मास्तर हायत काय?” त्याने विचारलं.

आता मला जन्मात कुणी मास्तर म्हटलं नव्हतं. शाळेत मास्तरांनी मला काय काय म्हटलं ते निराळं. मी उठून उभा राहिलो, कोटाची बटणं लावली आणि म्हणालो, “या, बसा.”

“गेल्या साली तुमी आमच्या आळीत वाजवलं, चुलत भावाच्या पोरीच्या लग्नाला. मी मांडवामागं मासळी कापत व्हतो, तोंड नाय पायलं तुमचं. पन सूर ऐकला. हातातला कोयता थांबला माजा.”

“अहो, ते काय...” मी म्हणालो.

बारकाईने बघितलं तर ‘अहो, ते काय’ हे खोटं बोलणं नव्हे. पण कोपऱ्यात काज करत बसलेल्या शिंप्याने सुई बोटात टोचून घेतली.

“माज्या पोरीचं लगीन हाय. सातपाटीचा नवरा. होडीनं येनार खाडीतून, भरतीच्या पान्यावर. तोच सूर पायजे.”

आणि त्याने कमरेच्या कनवटीतून सुपारी काढली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे बँड कागदावर ठरत नसे. मुलीच्या बापाने मास्तरच्या हातात सुपारी ठेवली की ठरलं. मास्तरने ती कोटाच्या खिशात ठेवायची आणि लग्न लागेपर्यंत सांभाळायची. त्या लग्नाला मग दुसरा बँडवाला जात नाही, आणि घेतलेली सुपारी परत करायची नाही. लग्नाची सुपारी परत आली तर घरातल्या बाया लग्नच पुढे ढकलतात, इतकं ते वाईट. या तांडेलाची सुपारी तर जाळ्याच्या सुताने विणल्यासारखी गुंडाळलेली होती आणि वर एक आडवी-तिडवी गाठ होती.

“आमच्या घरान्याची गाठ,” तो म्हणाला. “आमी जाळ्याला हीच मारतो. दुसऱ्याला सुटत नाय.”

मी हात पुढे केला. आजही तो हात मला दिसतो. पंजा चांगला उघडलेला, एकदम ऐटीत.

तांडेल गेल्यावर शिंपी म्हणाला, “तुला सांगता येत नव्हतं, पंधरा पावलं पुढे जा म्हणून?”

“तो आपल्याकडे आला.”

“तो कोटाकडे आला.”

“कोट आपलाच आहे ना?” मी म्हणालो. असं बोलता येतं म्हणून तर माणूस धंद्यात पडतो.

आठ दिवसांनी तांडेल लग्नाचा बाजार करायला पालघरला आला आणि सहज आमच्याकडे डोकावला. मांडीवर साड्यांचं गाठोडं घेऊन बसला आणि खुशीत सांगू लागला. मला वाटतं, ते त्याला कुणाला तरी सांगायचंच होतं.

“परवा आळीत मजा झाली मास्तर. चुलत भाव म्हनतो, तो बँड तुज्या दारात येनार नाय, तुजी काय ऐपत. मी म्हनलो, सुपारी दिली. तो म्हनतो, आला नाय तर? तर मी सगळ्या आळीसमोर बोललो.”

“काय बोललात?”

“म्हनलो, ती क्लॅरनेट माज्या दारात वाजली नाय, तर पुढला अख्खा हंगाम तुज्या होडीवर खलाशी म्हनून येईन. डोल वोढीन तुजी.” आणि तो मांडीवर थाप मारून हसला.

डोल म्हणजे खाडीच्या तोंडाशी लावतात ते पिशवीसारखं मोठं जाळं. ते ओढायचं काम होडीवरच्या पोरसवदा माणसांचं. पन्नाशीच्या तांडेलाने चुलत भावाच्या हुकमाखाली, सगळ्या बंदरासमोर डोल ओढायची, म्हणजे काय, ते मला कोळी नसूनही कळलं. मीही हसलो. पण तो गेल्यावर मी वळून बघितलं, तर मागे बिहारचा ढोलवाला बसून सगळं ऐकत होता. त्या दिवशी त्याची सुट्टी होती.

“उस्ताद,” तो म्हणाला, “आप को क्लॅरनेट आती है?”

“नाही.”

“हम में से किसी को आती है?”

“नाही.”

“तो फिर पाँव पकड़ो किसी के.”

पंधरा पावलांचा तो रस्ता मला पालघर ते डहाणूइतका लांब वाटला. मास्तर दारात पाटावर बसून क्लॅरनेटच्या तोंडाला लावायची पत्ती पाण्यात भिजवत होते. मी उभ्याने सगळं सांगितलं. माशीपासून नव्हे, माशी त्यांना ठाऊक होती. कोटापासून सुरू केलं. ते पत्ती बघत राहिले.

“नाव किती दिवस वापरतोयस?” शेवटी त्यांनी विचारलं.

“चार महिने.”

“माहीत आहे. दोन माणसं भांडायला आली होती माझ्याशी. गिरणीच्या उद्घाटनाला काय वाजवलंत म्हणून.” मग जरा थांबून म्हणाले, “नाव फळीवरचं आहे, ते उचलता येतं. सूर उचलून बघायचा होतास.”

मी म्हणालो, “मास्तर, तुम्ही चला. सुपारी तुमच्याच नावाची आहे.”

“सुपारी तुझ्या खिशात आहे. दुसऱ्याच्या सुपारीवर मी आजवर गेलो नाही, आताही जाणार नाही.” त्यांनी पत्ती पुसली. “एकच वाट आहे. तुझा माणूस म्हणून येईन. तुझा कोट घालून.”

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण चेष्टा करण्याची त्यांची रीत नव्हती.

“त्या दिवशी सकाळी माझं कोळगावला लग्न आहे. ते लागलं की बाकीचा बँड तिथे सोडून मी एकटा निघतो. सातपाटीवरून तरीच्या होडीने खाडी ओलांडून दुपारपर्यंत पोचतो. आणि एक. तू ट्रम्पेट तोंडाला लावायचा, गाल फुगवायचे, पण फुंकायचं नाही.”

“अजिबात नाही?”

“श्वासही नाकाने घे.”

लग्नाच्या दिवशी आम्ही सात जण सकाळीच सातपाटीला उतरलो. खाडीला ओहोट लागली होती. तरीची होडी चिखलात आडवी पडलेली, आणि तरवाला म्हणाला, चालत जा की, गुडघ्याएवढंच हाय. गुडघा कोणाचा ते त्याने सांगितलं नाही. बडा ढोल डोक्यावर घेऊन आम्ही कमरेएवढ्या चिखलपाण्यातून मुरब्याला चढलो. कोटांचा खालचा अर्धा भाग काळा झाला, वरच्या अर्ध्याचा रंग घामाने सुटला. आळीत शिरलो तेव्हा सुकत घातलेल्या बोंबलांच्या वलांडीच्या काठ्यांखाली उभी असलेली एक म्हातारी दुसरीला म्हणाली, “गो बाय, ह्ये बँडवाले का मारामारी करून आले?”

मांडव छान घातला होता. नारळीच्या झावळ्या, आंब्याचे टाळे, दारात केळीचे खांब. तांडेल पांढऱ्या टोपीत इकडून तिकडे फिरत होता. पण त्याच्याआधी आमच्यापाशी आला तो चुलत भाऊ. तो आमच्याभोवती एक चक्कर मारून आला, बाजारात पापलेट निवडतात तसा.

“कोट तोच,” तो मोठ्याने म्हणाला. “मानसं कुटली? मास्तर कुटं हाय?”

“मागून येतायत,” मी म्हणालो. हे शब्दशः खरं होतं.

“दादा!” त्याने तांडेलाला हाक मारली. “ह्यो तुजा मास्तर? गेल्या साली माज्या दारात वाजवलं तो एवढासा व्हता. ह्यो तर नुसता वासा हाय!”

तांडेल माझ्यापाशी आला. आवाज खाली होता, पण ‘तुमी’चा ‘तू’ झाला होता.

“मास्तर तू नायस?”

“नाही. ते येतायत.”

“सुपारी तू घेतलीस.”

“घेतली.”

“मग तू कोन?”

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते तिथे देण्यासारखं नव्हतं. “ते येतायत,” मी पुन्हा म्हणालो. तांडेल पाहुण्यांकडे वळला. सगळी आळी ऐकत होती. चुलत भाऊ आपल्या खलाशांना ऐकू जाईल असं म्हणाला, “पुढल्या हंगामाला दादाला जरा हलकं काम देऊ या. वय झालं.”

दुपार झाली. खाडीत पाणी चढायला लागलं. मास्तर नव्हते. बायका कलश घेऊन किनाऱ्यावर उभ्या राहिल्या, आणि पलीकडच्या तीरावरून पताका लावलेली नवऱ्याची होडी सुटली, तिच्यामागे आणखी चार. मास्तर नव्हते. मुलीकडच्या बँडने किनाऱ्यावर उभं राहून नवऱ्याला वाजवत उतरवून घ्यायचं, ही रीत. आता न वाजवता उभं राहिलो तर प्रश्नच मिटला होता.

“वाजवा,” तांडेल म्हणाला. माझ्याकडे न बघता.

आम्ही वाजवलं. गाल फुगवायचे का फुंकायचं, हे ठरवायला मास्तर नव्हते, मी फुंकलं. शिंपी पाय हलवू लागला, बडा ढोल धडधडला, आणि जे काही निघालं त्याने किनाऱ्यावरचे बगळे उठले. बायकांनी तोंडाला पदर लावले. चुलत भाऊ पोट धरून हसत होता. “दादा, तुज्या बँडला उलट्या व्हताहेत! कुनी लिंबू द्या रे त्यांना!”

ते हसू मी कितीतरी वेळा सहन केलं असतं. हसवणं मला जमतं. पण तांडेल हसत नव्हता, रागावतही नव्हता. तो पाण्याच्या कडेला उभा राहून होड्यांकडे बघत होता आणि त्याचे हात आपोआप काहीतरी ओढल्यासारखे उघडमिट करत होते. मी ट्रम्पेट खाली घेतला. ढोल थांबले.

आणि त्या शांततेत पाण्यावरून सूर आला.

एकच सूर, लांब, कुठेही न हलता. मग तो वळला आणि त्याची धून झाली. खाडीवर भरतीचं पाणी सपाट पसरलेलं असतं तेव्हा आवाज त्याच्यावरून घसरत येतो. ती क्लॅरनेट जणू आमच्या पायाशीच वाजत होती. नवऱ्याच्या होडीत, नाळेवर म्हणजे पुढच्या टोकाला, पताकेखाली, कुणाचा तरी हात धरून एक एवढासा माणूस उभा होता. साध्या सदऱ्यात.

ज्या म्हातारीने आमच्यावर शेरा मारला होता, तिच्या हातातला कलश कलला आणि पाणी सांडलं, तरी तिला कळलं नाही. मी तांडेलाकडे बघितलं. त्याचे हात थांबले होते.

पण चुलत भाऊ कच्चा नव्हता. होडी टेकायच्या आत तो ओरडला, “ऐका रे सगळे! ह्यो बँड नवऱ्याकडनं आला! नवऱ्याच्या होडीतनं! दादानं कुटं आनला? दादाचा बँड तर ह्यो, रंग गळतोय तो!”

खलाशी हसले. आणि ते चूक नव्हतं, हीच तर पंचाईत. आळीच्या नजरेत मास्तर सातपाटीकडून, नवऱ्याबरोबर आले होते. तांडेलाचा शब्द वाचता वाचता बुडत होता, आणि तो बुडण्याचं शंभर टक्के कारण मी होतो. मी पुढे झालो. “तांडेल, खरं सांगायचं तर मीच—”

“कोट,” मास्तर म्हणाले.

ते गुडघाभर पाण्यातून क्लॅरनेट डोक्यावर धरून चढत होते. मी कोट काढला. त्यांनी तो सदऱ्यावर चढवला. बाह्या बोटांच्या पुढे वीतभर लोंबल्या. त्यांनी शांतपणे त्या दुमडल्या. मी उरलो गंजिफ्रॉकात, तोही गुलाबी.

“मी नवऱ्याचा माणूस नाही,” मास्तर चुलत भावाला म्हणाले. “मी ह्याचा माणूस. आजच्यापुरता ह्याच्या बँडमध्ये आहे.”

“तू? ह्याचा? तू तर मूळ मास्तर!”

“आज नाही.”

“मग नवऱ्याच्या होडीत काय करत व्हतास?”

“तुमचा तरवाला वरातीत नाचतोय. मी काय पोहत येऊ, क्लॅरनेट घेऊन?”

यावर सातपाटीची माणसंसुद्धा हसली. चुलत भाऊ मात्र हटेना. “बोलायला काय जातं? सुपारी कुनाची घेतलीस ते सांग.”

मास्तरांनी कोटाच्या खिशात हात घातला. कोट माझा, खिसा माझा. तिथे काय आहे ते त्यांना न बघताच ठाऊक होतं, कारण ते बँडवाले होते आणि सुपारी कुठे ठेवतात ते बँडवाल्याला सांगावं लागत नाही. त्यांनी ती तळहातावर धरली. चुलत भाऊ वाकला. त्याने गाठ बघितली, बोटाने उलटी करून बघितली. तीच गाठ त्याच्याही जाळ्याला होती, घराणं एकच. त्याने मान वर केली.

“दादाची हाय,” शेवटी तो म्हणाला.

बस्स. मग मास्तरांनी वाजवायला सुरुवात केली आणि वरात आळीत शिरली. मी गुलाबी गंजिफ्रॉकात मास्तरांच्या मागे, ट्रम्पेट तोंडाला, गाल टम्म, श्वास नाकाने. इतकं चांगलं मी कधी वाजवलं नव्हतं. शिंप्याचे पायसुद्धा त्या दिवशी तालात पडत होते, आणि ढोलवाला अधूनमधून ढोल मारायचाच विसरून ऐकत राहायचा. मंगलाष्टकांच्या वेळी मास्तर मुद्दाम माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी माझ्या ट्रम्पेटच्या तोंडात आपली टोपी कोंबली.

लग्न यथासांग लागलं. एकदाच.

जेवणं झाल्यावर भरती असतानाच नवरीला घेऊन होड्या परत सुटल्या. तांडेल छातीभर पाण्यात उतरून मुलीची होडी ढकलून आला आणि उपड्या घातलेल्या एका जुन्या होडीला टेकून धोतर पिळत बसला. मी त्याच्यापाशी गेलो. मास्तरांनी मला जा म्हटलं नव्हतं. ते माशीच्या वेळेसारखेच या वेळीही रागावले नव्हते. पण या वेळी सुधारायला मी त्यांच्या रागाची वाट बघितली नाही.

मी सगळं सांगितलं. दार चुकलं होतं ते. पंधरा पावलं. ‘न्यू’ किती बारीक काढला होता ते. तो मास्तर समजून माझ्याशी बोलला तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही सांगितलं. पुढच्या आठवड्यात पाटी आणि कोट उतरवतो असं म्हणालो, आणि ते मी केलंही. शिंपी शिवणाकडे गेला, ढोलवाला तारापूरच्या कामावर बढती मिळवून मुकादम झाला, आणि मी मास्तरांच्या हाताखाली पुढची अकरा वर्षं झांजा वाजवल्या. ट्रम्पेट त्यांनी मला परत हातात धरू दिला नाही.

तांडेल धोतर पिळत ऐकत होता. माझं संपल्यावर त्याने आळीकडे बघितलं. चुलत भाऊ मांडवात बसून मागे राहिलेल्या सातपाटीच्या पाहुण्यांना सांगत होता, की आमच्या दादाने बोलावलं म्हणून मास्तर आले, नाहीतर असल्या बँडमध्ये ते कशाला येतील. हातवारे करकरून सांगत होता. गेल्या सालचं आपल्या पोरीचं लग्न तो विसरूनच गेला होता.

“झालं सांगून?” तांडेल म्हणाला.

“झालं.”

“मला सांगितलंस, बरं केलंस.” त्याने धोतराचा पीळ सोडला. “आळीत नको सांगूस.”

नाही सांगितलं.